सीझन तिकीट आणि निष्ठेचे पॉइंट: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या फुटबॉलवेड्यांसाठी

वर्षानुवर्षं एकाच वाण्याकडे किराणा भरला की तो बिलातले वरचे सुटे पैसे सोडून देतो. पहिल्यांदा सीझन तिकीट, म्हणजे घरच्या मैदानावरच्या वर्षभराच्या लीग मॅचचा पास, घेणाऱ्याची फुटबॉल क्लबाकडूनही अशीच काहीतरी अपेक्षा असते, आणि रिन्यूअलची पहिली मेल आली की ती संपते. बारा वर्षं जुना तिकीटधारक आणि यंदाच लागलेला, दोघं शेजारी शेजारी बसत असतील तर साधारणपणे सारखेच पैसे भरतात. जुन्याला मिळतो तो रांगेतला पुढचा नंबर. जिथे तिकिटं कमी आणि मागणारे जास्त, तिथे त्याचा नंबर आधी लागतो.

किती कमी असतात याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. १ जून २०१९ ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. दोन्ही क्लबांना प्रत्येकी १६,६१३ तिकिटं मिळाली. टॉटनहॅमचे नव्या स्टेडियममधले सीझन तिकीटधारकच ४२,००० च्या घरात होते. म्हणजे नियमाने हप्ते भरणाऱ्या, पावसात बसणाऱ्या माणसांतलेच निम्म्याहून जास्त घरी टीव्हीसमोर. कोण गेलं आणि कोण राहिलं हे ठरवताना मागच्या काही वर्षांची हजेरी कामी येते, आणि ती त्या आठवड्यात जमवता येत नाही. म्हणून हिशोब तिकीट घेतानाच समजून घ्यायचा.

आधी क्लब आणि डिव्हिजन ठरवा

प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, म्हणून घरच्या मैदानावर १९ लीग मॅच. चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या खालच्या तीन डिव्हिजनमध्ये प्रत्येकी २४ क्लब, म्हणून २३ होम मॅच. सीझन तिकीट म्हणजे मुळात एवढंच: एक ठरलेली खुर्ची आणि या लीग मॅच. कपच्या (एफए कपसारख्या लीगबाहेरच्या स्पर्धांच्या) मॅच त्यात असतात की नाही, हे प्रत्येक क्लबाचं वेगळं.

लिव्हरपूल किंवा आर्सेनलचं सीझन तिकीट नव्या माणसाला सरळ मिळत नाही. वेटिंग लिस्ट असते, ती वर्षानुवर्षं चालते आणि मधूनच नवीन नावांसाठी बंदही होते. आर्सेनलमध्ये सभासदत्वालाच पायऱ्या आहेत: गोल्ड म्हणजे सीझन तिकीटधारक, सिल्व्हर म्हणजे वेटिंग लिस्टवरचे, रेड म्हणजे बाकीचे. अशा क्लबाच्या यादीत नाव टाकायचं असेल तर आजच टाका, पण एक अट नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी यादीतला नंबर टिकवायला दर वर्षी वार्षिक सभासदत्व भरावं लागतं. एक वर्ष चुकलं की नाव शेवटाला जातं, किंवा खोडलंच जातं. बँकेचं कार्ड बदललं, आपोआप होणारं पेमेंट अडकलं आणि सहा वर्षांची वाट पाण्यात गेली, असं खरंच होतं.

घरापासून तासाभरावर चॅम्पियनशिप किंवा लीग वनचा क्लब असेल तर नवख्याने तिकडून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे तिकीट लगेच मिळतं, उन्हाळ्याआधी भरलं तर ‘अर्ली बर्ड’ दराने स्वस्त मिळतं, आणि दोन-तीन वर्षांत तुम्ही रांगेत बरेच पुढे असता. शिवाय तो क्लब वर चढला तर जुन्या माणसांचं सोनं होतं. हडर्सफील्ड टाउनचं उदाहरण यासाठीच सांगतात. क्लब लीग वनमध्ये धडपडत होता तेव्हा चेअरमन डीन हॉयल यांनी शब्द दिला होता: दर वर्षी न चुकता सीझन कार्ड घेत राहणाऱ्यांना प्रीमियर लीगचा पहिला सीझन १०० पौंडांत. तेव्हा ते स्वप्नरंजनच वाटलं असणार. २९ मे २०१७ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर रेडिंगला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून क्लब वर गेला आणि शब्द पाळला गेला. प्रीमियर लीगच्या १९ मॅच १०० पौंडांत, म्हणजे मॅचमागे सव्वापाच पौंड. त्यात ‘न चुकता’ ही अट महत्त्वाची होती. मध्ये एक वर्ष सोडलेल्यांना ते लागू नव्हतं.

मोजणी कशाची होते ते शोधा

क्लबाच्या तिकीट विभागाच्या पानावर लॉयल्टी पॉइंट, प्रायॉरिटी पॉइंट किंवा क्रेडिट अशा नावाखाली नियम असतात. वाचायला कंटाळवाणे, पण पैसे भरण्याआधी वाचायचं पान हेच. मोजणीच्या पद्धती ढोबळमानाने तीन.

काही क्लब पॉइंट देतात. टॉटनहॅम आणि वेस्ट हॅम यांतले. काही क्लब नुसत्या मॅच मोजतात. लिव्हरपूलच्या अवे (म्हणजे दुसऱ्या क्लबाच्या मैदानावरच्या मॅचच्या) तिकिटांची विक्री ‘मागच्या सीझनला इतक्या किंवा त्याहून जास्त अवे मॅच नोंदलेल्यांसाठी’ अशा टप्प्यांत उघडते. तिसरी पद्धत सोडतीची: म्हाडाच्या घरांसारखं, पात्र असाल तर अर्ज करा, नशिबात असेल तर लागेल. कित्येक क्लब तिन्हींचं मिश्रण करतात. काही टक्के तिकिटं पॉइंटवर, उरलेली सोडतीवर, म्हणजे नव्यांनाही दार अगदीच बंद नको.

पॉइंटच्या पद्धतीत काय घडतं ते एका काल्पनिक क्लबावर बघू. रिन्यूअलला १० पॉइंट, प्रत्येक अवे मॅचला ३, घरच्या कप मॅचला २. एका काकांनी १२ वर्षं तिकीट ठेवलंय, एकही होम लीग मॅच चुकवलेली नाही, पण बाहेरगावी कधी गेले नाहीत आणि कपच्या मॅचला थंडीत निघत नाहीत. त्यांचे १२० पॉइंट. पलीकडच्या ब्लॉकमधली मुलगी चारच वर्षांपूर्वी आली, पण वर्षाला १५ अवे मॅच आणि ४ कप मॅच करते. तिचे रिन्यूअलचे ४०, अवेचे १८०, कपचे ३२, एकूण २५२. फायनलची तिकिटं २०० पॉइंटवाल्यांपाशी संपली तर काका बाहेर. आणि क्लब फक्त गेल्या तीन सीझनचे पॉइंट धरत असेल, जी अट बरीच ठिकाणी असते, तर काकांचे उरतात ३० आणि मुलीचे १८९. काकांना हा अन्याय वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण नियम आधीपासून लिहिलेला असतो.

तेव्हा त्या पानावर चार गोष्टी शोधा. रिन्यूअलला पॉइंट आहेत का? पॉइंट किती सीझननंतर कालबाह्य होतात? ते तिकीट विकत घेतल्यावर पडतात की गेटवर स्कॅन झाल्यावर? आणि तिकीट परत केलं किंवा दुसऱ्याला दिलं तर पॉइंट कोणाच्या खात्यात जातात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक नव्यांना पहिला झटका बसल्यावर कळतं. पॉइंटसाठी स्वस्तातल्या कप मॅचचं तिकीट घ्यायचं आणि जायचंच नाही, ही युक्ती फार जुनी झाली. आता बऱ्याच ठिकाणी स्कॅन नाही तर पॉइंट नाही.

पैशांचं गणित

समजा सीझन तिकीट ७६० पौंडांना आहे. १९ मॅच, म्हणजे मॅचमागे ४०. त्याच खुर्चीचं सुटं तिकीट सभासदांना ६० ला मिळत असेल तर १३ मॅचला गेलात की पैसे वसूल. वर्षभरात १० च मॅच जमणार असतील, शिफ्टची नोकरी आहे, डिसेंबरात भारतात जायचंय, तर सुटी तिकिटं ६०० पौंडांत भागतात. अशा वेळी नुसतं सभासदत्व घ्या आणि सुट्या मॅच करा. त्यातही बऱ्याच क्लबांत हजेरी नोंदली जाते.

हे गणित करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. इंग्लंडमध्ये शनिवार दुपारी ३ ही मॅचची पारंपरिक वेळ, पण टीव्हीसाठी त्याच मॅच शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी, सोमवारी रात्री सरकवल्या जातात. कॅलेंडर जूनमध्ये जाहीर होतं, तरी त्यातल्या तारखा पक्क्या धरू नयेत. वेळ बदलली म्हणून सीझन तिकीटधारकाला पैसे परत मिळत नाहीत. १९ पैकी चार-पाच मॅच अडचणीच्या वेळेला जाणार असं धरूनच चाला.

हप्त्यांची सोय बहुतेक क्लब देतात, पण हप्ते क्लब स्वतः घेतो की मधली फायनान्स कंपनी, ते बघा. कंपनी असेल तर ते कर्ज असतं. व्याज किंवा फी लागू शकते, आणि तुमची क्रेडिट हिस्टरी तपासली जाते. भारतातून येऊन सहा महिने झालेल्या माणसाची ती हिस्टरी कोरी असते, आणि पगार कितीही चांगला असला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. पहिल्या वर्षी एकरकमी भरायची तयारी ठेवा.

मुलं, तरुण आणि ज्येष्ठ यांचे दर वेगळे असतात. वय कोणत्या तारखेला मोजतात ते बघा. आणि मुलाच्या सवलतीच्या तिकिटावर मोठ्या माणसाला जायचं असेल तर मॅचआधी ‘अपग्रेड’चे पैसे भरावे लागतात. मुलाला ताप आला म्हणून त्याच्या पासवर मामा गेला, गेटवर लाल दिवा लागला, कर्मचाऱ्याने बाजूला घेतलं: सुटका साधारणपणे इशाऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी पास बंद होतो.

खातं उघडताना

नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मध्ये असलेली आपली लांबलचक नावं एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धी लिहिली जातात, आणि बाहेरच्या मैदानावर ओळखपत्र तपासलं की त्याचाच घोळ होतो. एका माणसाचं एकच खातं. आधी सुटं तिकीट घेताना एक आणि सीझन तिकीट घेताना दुसऱ्या ईमेलवर दुसरं, असं झालं असेल तर तिकीट विभागाला लगेच कळवून दोन्ही एकत्र करून घ्या. नाही तर हजेरी दोन खात्यांत विभागून राहते आणि कुठलंच खातं पुढे सरकत नाही.

तिकीट आता बहुतेक ठिकाणी फोनमधला पास असतो. तो घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. मैदानाबाहेर पन्नास-साठ हजार लोक एकाच टॉवरवर असतात, तिथे तो उघडत नाही. फोन बदलला तर पास नव्या फोनवर घ्यायला वेळ ठेवा, मॅचच्या सकाळी नको.

जोडीदाराबरोबर किंवा मित्रांबरोबर जायचं असेल तर खाती एकमेकांना जोडावी लागतात; क्लबांच्या साइटवर त्याला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ असं काहीतरी नाव असतं. तिकीटविक्री उघडल्यावर जोडत बसलात तर तेवढ्यात तिकिटं संपतात. आणि हे नीट लक्षात घ्या: एकत्र बुकिंग करताना बहुतेक क्लब गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याच्या टप्प्यावर सगळ्यांना आणतात. तुमचे १८९ आणि मित्राचे १०, तर दोघांचा नंबर १० वर. त्याच्या शेजारी बसायचं की आत जायचं, हे दर वेळी ठरवावं लागतं. नवरा-बायकोची भांडणं यावरून होतात. त्यांनी पहिल्या दिवसापासून दोघांचे पॉइंट बरोबरीने वाढवणं बरं.

कपची स्कीम: घ्यायची की नाही

पहिल्या वर्षीचा सर्वांत मोठा निर्णय हाच. लिव्हरपूलमध्ये याला ऑटो कप स्कीम म्हणतात, इतरत्र नावं वेगळी. तुम्ही एकदा होकार दिलात की घरच्या मैदानावर कपची मॅच लागल्याबरोबर तुमच्या कार्डातून पैसे कापले जातात आणि तुमची नेहमीची खुर्ची तुम्हालाच मिळते. होकार दिला नाही तर मुदतीत जाऊन स्वतः घ्यावं लागतं, आणि मुदत टळली की खुर्ची दुसऱ्याला विकली जाते.

किती मॅच होतील? युरोपात खेळणारा क्लब असेल तर २०२४-२५ पासूनच्या नव्या रचनेत चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीगच्या पहिल्या टप्प्यात ८ मॅच असतात, त्यांतल्या ४ घरी. कॉन्फरन्स लीगमध्ये ६, त्यांतल्या ३ घरी. एफए कपमध्ये प्रीमियर लीगचे क्लब जानेवारीत तिसऱ्या फेरीपासून उतरतात, घरची मॅच मिळणं सोडतीवर. लीग कप ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू. म्हणजे मोठ्या क्लबात सहा ते आठ जास्तीच्या मॅच सहज होतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या लागोपाठ येतात. एका महिन्यात तीन वेळा पैसे कापले जातील एवढी शिल्लक खात्यात लागते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कार्डाची मुदत. कार्ड नोव्हेंबरात संपलं, बँकेने नवं पाठवलं, क्लबाच्या खात्यात जुनंच राहिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला एफए कपची सोडत झाली, पेमेंट फसलं, मेल स्पॅममध्ये गेली. तुम्ही जानेवारीत मैदानावर जाता तेव्हा तुमच्या खुर्चीत दुसराच कोणी. त्या मॅचचं नुकसान सोसण्यासारखं असतं. पण ‘कपच्या सगळ्या होम मॅच केल्या’ ही नोंद तुटते, आणि मे महिन्यात वेम्बली आली की तीच नोंद मागतात. एफए कपच्या फायनलला ९०,००० च्या वेम्बलीत एकेका क्लबाला साधारण एक तृतीयांश जागा मिळतात. तिथे पहिला टप्पा कुठल्यातरी पाणचट तिसऱ्या फेरीच्या मॅचपासून हजर राहिलेल्यांचा असतो. आमचा सल्ला: परवडत असेल तर पहिल्या वर्षापासून स्कीम घ्या, आणि ऑक्टोबरात एकदा कार्डाची तारीख तपासा.

अवे मॅच

पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रीमियर लीगमध्ये ३,००० जागा मिळतात; ३०,००० पेक्षा लहान मैदान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. बोर्नमथचं मैदान ११,००० च्या आसपासचं, तिथे पाहुण्यांसाठी बाराशेच्या आसपास. त्यातून खेळाडूंचे घरचे, प्रायोजक, व्हीलचेअरच्या जागा काढल्या की उरतं ते रांगेसाठी. त्यामुळे लहान मैदानाचं तिकीट मोठ्यापेक्षा कठीण, हे नव्यांना उलटं वाटतं.

दर मात्र बरा आहे. प्रीमियर लीगमध्ये २०१६-१७ पासून अवे तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. निष्ठेबद्दल मिळालेल्या सवलतींतली ही सर्वांत भरीव, आणि ती क्लबांनी आपण होऊन दिली नाही, समर्थकांनी आंदोलन करून मिळवली. प्रवास मात्र तुमच्या खिशातून. स्टोक सिटी प्रीमियर लीगमध्ये असताना समर्थकांना अवे मॅचला मोफत बस देत असे. अशी उदाहरणं थोडी.

नव्या माणसाला पॉइंट कुठे मिळतात? जिथे जुनी मंडळी जात नाहीत तिथे. लंडनच्या क्लबाचा समर्थक असाल तर बुधवारी रात्रीची न्यूकॅसलची मॅच पाहा. मॅच संपते तोवर लंडनची शेवटची रेल्वे गेलेली असते. म्हणजे मुक्काम, किंवा समर्थकांची बस पकडून पहाटे घरी, आणि सकाळी ऑफिस. म्हणून अशी तिकिटं खालच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात. न्यूकॅसलला पाहुण्यांचा स्टँड अगदी वर आहे, जिन्याच्या चौदा फेऱ्या चढाव्या लागतात; वडीलधाऱ्यांना नेत असाल तर आधी तिकीट विभागाशी लिफ्टचं बोलून ठेवा. अशा तीन-चार मॅच पहिल्या दोन वर्षांत केल्या की जवळच्या आणि गाजणाऱ्या मॅचचा टप्पा आवाक्यात येतो.

विक्री कशी उघडते ते बघा. नाटकाचा प्लॅन उघडतो तशी एकदम सगळ्यांसाठी नाही. सोमवारी सकाळी वरच्या पॉइंटवाल्यांना, मंगळवारी त्याखालच्यांना, असे टप्पे लागतात. ही यादी मॅचच्या काही आठवडे आधी जाहीर होते. तुमचा टप्पा ज्या सकाळी उघडतो त्या वेळेचा गजर लावा. टप्प्यात बसणं म्हणजे तिकीट पक्कं असं नव्हे; शेवटच्या टप्प्यात पात्र माणसं जागांपेक्षा जास्त असतात, तिथे आधी येईल त्याला.

जमत नसताना अवे तिकीट घेऊन मित्राला द्यायचं आणि पॉइंट आपण ठेवायचे, हा प्रकार सर्रास चालत आला आहे आणि क्लब आता त्यामागे हात धुऊन लागलेत. बाहेरच्या मैदानावर अचानक ओळखपत्र मागतात, किंवा काही तिकिटं तिथल्याच खिडकीवर फोटो दाखवून घ्यायला लावतात. सापडलात तर पॉइंट शून्यावर येतात किंवा खातंच निलंबित होतं.

जाता येत नसेल तेव्हा

रिकामी खुर्ची क्लबाला आवडत नाही. आता बरेच क्लब किमान वापराची अट घालतात: १९ पैकी ठरावीक मॅचला तिकीट वापरलं गेलं पाहिजे. नाही तर पुढच्या वर्षी रिन्यूअल नाकारू शकतात. किती आणि ‘वापर’ कशाला म्हणायचं, ते क्लबागणिक बदलतं. काही ठिकाणी मित्राला दिलेलं धरतात, काही ठिकाणी स्वतः किमान इतक्या मॅच कराव्याच लागतात. हा आकडा सही करण्याआधी माहीत असावा.

मार्ग दोनच. पहिला, क्लबाच्या साइटवरचं तिकीट एक्स्चेंज. खुर्ची विक्रीला टाका. विकली गेली तर सीझन तिकिटाच्या किमतीचा १९ वा भाग, म्हणजे वरच्या उदाहरणातले ४० पौंड, तुमच्या खात्यात. त्यातून काही ठिकाणी थोडी फी वजा होते, आणि पैसे रोख न मिळता पुढच्या रिन्यूअलमध्ये वळते होऊ शकतात. विकली गेली नाही तर काही नाही. म्हणून लवकर टाका; आदल्या रात्री टाकलेली सीट कुणी घेत नाही. बार्सेलोनात हीच व्यवस्था ‘सेयेंत लिउरे’ म्हणजे ‘मोकळी खुर्ची’ या नावाने चालते. दुसरा मार्ग, ॲपमधून ओळखीच्याला पास पाठवणं. वर्षातून किती वेळा आणि कोणाला, यावर मर्यादा असतात.

तिसरा मार्ग नाही, आणि हे ठळक सांगायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अधिकृत परवानगीशिवाय फुटबॉल मॅचचं तिकीट विकणं हा १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. मूळ किमतीला विकलं, फायदा घेतला नाही, हा बचाव चालत नाही. ‘शनिवारचं एक तिकीट आहे, ४० ला देतो’ हा मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरुपद्रवी दिसणारा मेसेजही त्यात बसतो. व्हिसावर राहणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.

रिन्यूअल आणि खुर्ची बदलणं

सीझन ऑगस्ट ते मे. रिन्यूअलची खिडकी साधारण वसंतात उघडते आणि सीझन संपण्याच्या आगेमागे बंद होते. नेमकी हीच एप्रिल-मेची वेळ आपल्याकडच्या लग्नांची आणि मुलांना घेऊन गावी जाण्याची. तारीख कॅलेंडरात टाका. मुदत गेली की खुर्ची जाते, सलग वर्षांची मोजणी तुटते आणि पुन्हा यादीच्या शेवटून सुरुवात. आपोआप रिन्यू होण्याचा पर्याय सोयीचा, पण तो चालू असताना नको असलेलं तिकीटही पुन्हा गळ्यात पडतं.

रिन्यूअल संपल्यावर ज्या खुर्च्या सुटतात त्या जुन्यांना बदलून घेता येतात. इथेही क्रम पॉइंटचा किंवा वर्षांचा. निष्ठेचा हा फायदा कमी बोलला जातो, पण तो दर शनिवारी भोगता येतो. पहिल्या वर्षी मिळालेली कोपऱ्यातली, खांबाआडची किंवा छपराबाहेरची खुर्ची कायमची समजू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अर्ज करा. जाण्याआधी त्या ब्लॉकमध्ये एखादी मॅच बसून बघा. २०२२ पासून इंग्लंडच्या वरच्या दोन डिव्हिजनमध्ये रेलिंग असलेल्या जागांवर अधिकृतपणे उभं राहून मॅच बघता येते, आणि त्या ब्लॉकना मागणी खूप आहे. तिथे नव्वद मिनिटं कोणी बसत नाही, लहान मुलाला समोरचं काही दिसत नाही.

खुर्ची वारसाहक्काने जात नाही. तो क्लबाने दिलेला परवाना आहे. धारक वारला तर काही क्लब जवळच्या नातेवाइकाच्या नावे करून देतात, तेही कागदपत्रं दाखवून. आजोबांच्या नावावर नातू वर्षानुवर्षं जातोय, ही पद्धत फोटो असलेल्या पासमुळे बंद होत चालली आहे.

दरवाढ झाली तर

२०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने नव्या मुख्य स्टँडमधल्या काही तिकिटांचा दर ७७ पौंड जाहीर केला. ६ तारखेला संडरलंडविरुद्धच्या मॅचमध्ये ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं, मॅच २-२ अशी सुटली. काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतला. २०२४ मध्ये ज्येष्ठ आणि मुलांच्या सवलती कापण्याचे निर्णय काही क्लबांनी घेतले तेव्हा फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनने ‘निष्ठेचा गैरफायदा थांबवा’ अशी मोहीमच उघडली. नव्या माणसाने यातून एक व्यवहार करावा: आपल्या क्लबाच्या समर्थक संघटनेचा सभासद व्हावं. वर्षाला किरकोळ वर्गणी. पॉइंटचे नियम बदलणार असले की पहिली बातमी तिथे येते, क्लबाच्या मेलच्या बरीच आधी.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी एवढंच: १८ क्लब, १७ होम मॅच, उभं राहायच्या जागांमुळे तिकीट बरंच स्वस्त, आणि बऱ्याच क्लबांच्या तिकिटावर त्या दिवशीची स्थानिक रेल्वे-ट्राम धरलेली असते. मात्र डॉर्टमुंडसारख्या ठिकाणी सीझन तिकीट सोडणारा माणूसच सापडत नाही.

मुंबई-पुण्यातून वर्षाकाठी एखादी मॅच बघायला जाणाऱ्यांनी सीझन तिकिटाच्या फंदात पडू नये. क्लबाने मान्यता दिलेल्या समर्थक मंडळांना काही क्लब थोडी तिकिटं देतात. मुंबईत इंग्लिश क्लबांची अशी मंडळं आहेत. तिथेही आधी सभासद होऊन एखादा सीझन काढलेल्यांचा नंबर वरचा असतो.

आणि दर महिन्याला एकदा खात्यात जाऊन पॉइंटचं पान उघडा. गेटवर स्कॅनर बंद होता म्हणून कर्मचाऱ्याने हाताने आत सोडलं, तर ती मॅच नोंदली गेलेली नसते. असं झालं की त्याच रात्री ब्लॉक, रांग, खुर्चीचा नंबर आणि गेटचा नंबर लिहून तिकीट विभागाला मेल करा, सोबत आतून काढलेला एक फोटो जोडा. चार दिवसांत केलं तर बहुधा दुरुस्त होतं, मे महिन्यात फायनलच्या आठवड्यात केलं तर त्यांच्याकडे तशा शेकडो मेल पडलेल्या असतात.